आडोशाला छत नसतं

वारीत कॅमेरा घेऊन येणाऱ्या सगळ्यांना,

रामकृष्ण हरी, माउली.

वारीत आपण एकमेकांना याच नावानं हाक मारतो, म्हणून तुम्हालाही तीच मारते. तुमच्यात कुणी छायाचित्रकार असेल, कुणी चॅनलवाले, कुणी रील करणारे, कुणी पुण्याहून दिवे घाटापर्यंत चालून संध्याकाळी घरी परतणारे. हातात मोठा कॅमेरा असो, साधा फोन असो, की डोक्यावर घोंघावणारा ड्रोन, पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. दिंड्यांच्या प्रमुखांनी आणि सोहळ्याचं नियोजन करणाऱ्यांनीही ते वाचावं, कारण शेवटी मी जे मागणार आहे त्यातलं बरंचसं त्यांच्या हातात आहे.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बी.ए. झालेय, गावच्या पतसंस्थेत लेखनिक आहे. माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अशा माझ्या 9 वाऱ्या झाल्या, त्यातल्या 7 सासूबाईंबरोबर. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईंच्या स्वतःच्या 21 झाल्या. 2020 आणि 2021 ला कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. ती दोन वर्षं सोडली तर 2001 पासून त्यांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. 2024 ला त्या आल्या नाहीत. 2025 लाही नाही. गावाला वाटतं गुडघे गेले. गुडघे तर 2015 पासूनच गेलेत, त्याच गुडघ्यांनी त्या पुढे 7 वेळा दिवे घाट चढल्या.

त्या का थांबल्या ते सांगते. पण आधी तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी. तुमच्यातले बहुतेक जण वारी दिवसा बघतात, म्हणून ती माहीत नसेल.

रात्री अडीचला आमच्या तंबूत पहिली हालचाल होते. काकडा व्हायचा असतो, ट्रकमध्ये सामान चढायचं असतं, सहाच्या आत रस्त्याला लागायचं असतं. पण अडीचला उठण्याचं खरं कारण काकडा नाही आणि ट्रकही नाही. पुरुष उठायच्या आत आणि उजाडायच्या आत बायकांना सगळं उरकायचं असतं. टँकरच्या मागं, बांधाच्या कडेला, बाभळीच्या आडाला दोघी जणी लुगड्याची टोकं धरून पाठमोऱ्या उभ्या राहतात, तिसरी आत दोन तांबे अंगावर घेते. मग पाळी बदलते. ज्या दिंडीत बायका जास्त, तिथं ही लुगडी रांगेनं उभी असतात. पुण्यात शाळांच्या वर्गांतून उतरतो तेव्हा दोन रात्री दाराला कडी मिळते. सासवडपासून पुढं ती नाही. जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, जिथं मुक्काम पडेल तिथल्या शेतात आमचं न्हाणीघर, तिथंच झोपायची खोली, तिथंच बाळाला पाजायचं.

म्हणजे अठरा दिवस रस्ता हेच आमचं घर असतं. तुम्ही त्याला रस्ता म्हणता. दोघांचंही खरं आहे, आणि सगळी गोची तिथंच आहे.

सोयी वाढल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. फिरती शौचालयं आता मुक्कामाला असतात. आत्याबाईंच्या पहिल्या वाऱ्यांत शेत आणि डबा एवढंच होतं. 2022 पासून राज्य महिला आयोगाच्या आरोग्य वारीत सॅनिटरी नॅपकिन मिळतात, अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष असतात. ज्यांनी हे केलं त्यांचे आभार. तरी लाखांच्या घरातल्या बायकांना ते पुरत नाही, हे तुम्हीही बघता. आमच्यातल्या कितीतरी जणी अजूनही दुपारनंतर पाणी पीत नाहीत. रात्री जावं लागू नये म्हणून.

इतकी वर्षं हे निभलं ते अंधारामुळे. अंधार हाच आमचा मोठा आडोसा होता, लुगडं त्यानंतर. गावातल्या घरालाही दार असून ते दिवसभर सताड उघडंच असतं, पण आत बाया असतील म्हणून पुरुष माणूस अंगणातूनच खाकरतो. त्या खाकरण्यावर आमच्या कितीतरी पिढ्यांची अब्रू राहिली. वारीतला पुरुषही टँकरकडे येताना खाकरतो, नाहीतर मोठ्यानं हरी विठ्ठल म्हणतो. कॅमेरा खाकरत नाही.

माझ्या तक्रारी आता एकेक करून सांगते.

पहिली ड्रोनची. तरडगावच्या मुक्कामाला, पहाटे जरा फटफटलेलं, शेवटच्या चार-पाच जणी आडोशाआड होत्या. वरून आवाज यायला लागला. आधी वाटलं, बाभळीवरचं मोहोळ उठलं. मग कुणीतरी वर बोट केलं. लाल-हिरवे दोन दिवे आमच्या डोक्यावर येऊन थांबले होते. लुगडं चारही बाजूंनी धरता येतं, वरून कसं धरणार? वरून आजवर पाऊस आणि पांडुरंग सोडून कुणी बघत नव्हतं. आतली पोरगी नवी लग्न झालेली, पहिल्याच वारीला आलेली. ओल्या अंगानं ती मटकन खाली बसली आणि गुडघ्यात डोकं घातलं. लुगडं धरणाऱ्या दोघींना कळेना, टोकं सोडून तिच्यावर पांघरूण घालावं की टोकं धरून उभं राहावं. एका म्हातारीनं वर चप्पल भिरकावली. ती अर्ध्यावरूनच परत आली, आणि त्या प्रसंगातही आम्ही हसलो. ड्रोन कुणाचा होता ते कधीच कळलं नाही. त्यात काय टिपलं गेलं, कुठं गेलं, तेही नाही. असं न कळणं किती दिवस डोक्यात राहतं, हे ज्याच्या डोक्यावर ड्रोन थांबलाय त्यालाच विचारा. ती पोरगी पंढरपूरपर्यंत दिवसासुद्धा पदर डोक्यावरून ओढून चालली.

दुसरी तक्रार आत्याबाईंची आहे.

2023 साल. नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, त्या दिवशी आम्हीही नदीत उतरतो. आत्याबाईंचं वय तेव्हा 68. जुन्या बायका नदीवर लुगडं कसं बदलतात ते तुम्ही बघितलं असेल. ओलं अंगावर असतानाच कोरड्याचं एक टोक दातात धरतात, दुसरं कमरेला, आणि ओलं आतून सोडत जातात. तसूभर अंग दिसत नाही. ही कला आहे, आणि मला ती अजून येत नाही. त्यात दोन क्षण असे असतात की बाई दोन्ही हातांनी अडकलेली असते, तोंडात पदर असतो, आणि ती कुणाकडे बघू शकत नाही, कुणाला हटकू शकत नाही. नेमके तेच दोन क्षण कुणीतरी लांबून, मोठं करून, टिपले. 11 सेकंदांचा व्हिडिओ. मागं संथ बासरी. वर लिहिलेलं, ‘ही आपली खरी संस्कृती.’

आषाढी झाली, आम्ही घरी आलो, श्रावणात गावात सप्ताह बसला. किराणा दुकानात एका पोरानं फोन पुढं केला, “आजी, तुम्ही तर हिरॉईन झाल्या.” दुकानात सात-आठ माणसं. त्यांतले दोघं आत्याबाईंना वहिनी म्हणणारे दीर. आत्याबाई हसल्या. साखर घेतली, पैसे दिले, घरी आल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, “मला तो दाखव.” मी दाखवला. त्यांनी तीनदा बघितला. मग विचारलं, “हे किती जणांनी बघितलं?” मी आकडा वाचला. लाख म्हणजे किती हे त्यांना चांगलं कळतं, कापूस विकल्याच्या हिशेबपट्ट्या त्याच वाचून घेतात. पुढं काही बोलल्या नाहीत. पुढच्या जेठात मी भिशीचे, म्हणजे दिंडीच्या वर्गणीचे, पैसे भरायला निघाले तेव्हा म्हणाल्या, “माझे नको भरू. गुडघे दुखतात.”

मी त्या खात्यावर लिहिलं. नम्रपणे लिहिलं. या माझ्या सासूबाई आहेत, त्यांना विचारलं नव्हतं, कृपया काढा. उत्तर आलं की ताई, नदी सार्वजनिक आहे, आम्ही काही वाईट दाखवलेलं नाही, उलट वारी जगभर पोचवतोय, तुम्हाला अभिमान वाटायला हवा. खाली हात जोडलेलं चिन्ह. व्हिडिओ अजून आहे.

तिसरी तक्रार रात्रीच्या चित्रीकरणाची. ‘वारीतली रात्र’ या नावाखाली झोपलेल्या बायकांच्या रांगांवरून फोनचा दिवा फिरवत चालत जायचं, हळू आवाजात बोलायचं, बघा कशी समाधानानं झोपलीत ही माणसं. झोपलेल्या माणसाचं तोंड उघडं असतं, पदर कुठं असतो, पाय कुठं असतात. पुरुषांचंही तेच. आमच्या दिंडीतल्या एका सत्तरीच्या विणेकऱ्यांचं धोतर झोपेत सरकलेलं, आणि ते तसेच कुणाच्या तरी व्हिडिओत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वीणा गळ्यात घेतली, पण मान वर केली नाही. लाज फक्त बायकांनाच असते असं समजू नका.

इथं मला माझंही सांगावं लागेल. 2018 ला मी स्वतः झोपलेल्या बायकांचा असाच व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला होता. घोरण्याची गंमत म्हणून. सगळे हसले, मीही हसले. ज्या बाईचं घोरणं होतं तिला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. या पत्राची पहिली प्रत तिला वाचून दाखवणार आहे.

चौथी तक्रार कीव काढणाऱ्यांची. आमच्या दिंडीत एक मावशी आहेत, पायांना भेगा, लुगडं विटलेलं, कारण वारीला कुणी चांगली लुगडी आणत नाही. बरडजवळ एका जोडप्यानं त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. मावशींनी कपाळाला लावला, वारीत दिलेलं काहीही आम्ही प्रसाद म्हणून घेतो. तो पोरगा म्हणाला, “आजी, परत एकदा घ्या ना, नीट नाही आलं.” मावशींनी परत घेतला. मग तिसऱ्यांदा, जरा डोळे पुसत घ्या म्हणाला. व्हिडिओवर नाव आलं, भुकेल्या आजीचा आशीर्वाद. या आजींची बारा एकर बागायत आहे आणि दोन्ही सुना त्यांना विचारल्याशिवाय भाजी टाकत नाहीत. तो व्हिडिओ मुलाच्या सासुरवाडीत पोचला तेव्हा घरात केवढं महाभारत झालं असेल, त्याचा अंदाज करा.

त्याच जातीचा प्रश्न माईकवाले विचारतात. “आजी, मुलं बघत नाहीत का?” चांगलं चाललंय म्हटलं की माईक पुढच्या बाईकडे जातो. रडणारी सापडेपर्यंत जात राहतो. वारीत माणूस रडतो, अनेक कारणांनी रडतो, पालखीचा रथ हलताना नुसत्या टाळाच्या आवाजानं मला रडू येतं. ते मुलाच्या नावावर का लावता?

पाचवी गोष्ट जरा अवघड आहे, कारण ती आमच्या बाजूनं बोलणाऱ्यांबद्दल आहे. शौचालयं कमी पडली की बातमी होते, आणि व्हायलाच हवी. पण त्या बातमीत रांगेत उभ्या असलेल्या, हातात डबा धरलेल्या बायकांचे चेहरे कशाला? आमच्या गैरसोयीचा पुरावा म्हणून आमचीच तोंडं. रांगेची लांबी मागून दाखवता येते. बंद पडलेला नळ दाखवता येतो. पाळी आलेली बाई पिशवी लपवत शेताकडे निघालीय आणि समोरून बातमीदार ‘आपण बघू शकता’ म्हणत येतोय, हे मी स्वतः बघितलंय.

आता तुमची उत्तरं मला पाठ झालीत, म्हणून तीही घेते.

रस्ता सार्वजनिक आहे, हे पहिलं. मी वकील नाही. तालुक्याला आमच्या पतसंस्थेचं काम बघणाऱ्या वकीलबाई आहेत, त्यांच्याकडून समजून घेतलं. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलंय की माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यानं त्याचा हा हक्क संपत नाही, कारण तो जागेला नव्हे, माणसाला चिकटलेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66 ई कलम तर याहून स्पष्ट आहे. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्र टिपलं किंवा पसरवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यात शब्दच आहेत की ती व्यक्ती सार्वजनिक जागी असो वा खासगी. लुगड्याच्या आडोशाला कायदा ओळखतो, हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. भारतीय न्याय संहितेचं 77 वं कलमही आहे, बाईला चोरून बघणं आणि टिपणं याबद्दलचं. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी एक वर्ष कैद. तरडगावचा ड्रोनवाला सापडला असता तर ही कलमं कामाला आली असती.

आत्याबाईंच्या बाबतीत वकीलबाई जरा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, अंग दिसत नाही ना, मग अवघड आहे. मला ते पटलं नाही, पण कळलं. आत्याबाईंनी 50 वर्षं जी कला कमावली, तसूभर अंग न दाखवण्याची, ती त्यांच्याच विरुद्ध गेली. त्यांचं जे गेलं ते मोजायचं माप अजून कायद्याजवळ नाही. म्हणून तर मी पोलीस ठाण्यात न जाता तुम्हाला लिहितेय.

व्हिडिओ काढून टाकायचा नियम आहे म्हणतात. 2021 च्या नियमांत, उघडं अंग दाखवणारा मजकूर असला आणि त्या व्यक्तीनं स्वतः किंवा तिच्या वतीनं कुणी तक्रार केली तर कंपन्यांनी 24 तासांत तो हटवायचा, असं घातलं, आणि 2026 च्या फेब्रुवारीत ती मुदत दोन तासांवर आणली. चांगलं आहे. पण वारीतल्या म्हातारीला आपण कुणाच्या फोनमध्ये आहोत हेच ठाऊक नसतं. ती तक्रार कशी करणार? किराणा दुकानात कुणी दाखवेल तेव्हा.

दुसरं उत्तर जरा भक्तीचं असतं. विठ्ठलापुढं लाज कसली, वारीत बाई-पुरुष भेद नाही, सगळी देवाची लेकरं. ऐकायला गोड आहे. पण लाज सोडायची तर ती मी सोडीन, माझ्या हातानं, माझ्या देवापुढं. तिथं तुमच्या फोनचं काय काम?

तिसरं, मग घरी बसा. हे तोंडावर कुणी म्हणत नाही, व्हिडिओखाली लिहितात. आत्याबाई बसल्यात. अशा अजून किती बसल्या याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. बाईनं कारण सांगायचंच ठरवलं तर तिच्याजवळ गुडघे, शुगर, नातवाची शाळा असं बरंच काही असतं.

सगळ्यांना एकाच मापानं मोजू नये. दिवे घाटात भगव्या पताकांचा तो वळणावळणाचा प्रवाह वरून टिपलेला फोटो आमच्या घरात भिंतीवर आहे. मला तो आवडतो, त्यात आम्ही सगळे आहोत आणि कुणीच नाही. रिंगणात अश्व धावतो तेव्हा हवे तेवढे कॅमेरे आणा, तुळशी घेऊन धावणाऱ्या बायकांनाही तेव्हा बघितलेलं चालतं, त्या तयार होऊन उभ्या असतात. आणि फलटणच्या मुक्कामाला भेटलेली एक पोरगी मी विसरणार नाही. गळ्यात दोन कॅमेरे, पण आमच्या तंबूच्या बाहेर ते खाली ठेवून आत आली. भाकरी थापू लागली, तिच्या भाकरीला तिन्ही दिशांना कोपरे. दोन तासांनी विचारलं, काढू का एक? आत्याबाई म्हणाल्या, थांब, कुंकू नीट करते. पुढच्या वर्षी ती तो फोटो कागदावर छापून घेऊन आली. त्यात आत्याबाई कॅमेऱ्याकडे बघतायत. नीरेच्या त्या 11 सेकंदांत त्या कुणाकडेच बघत नाहीत. माझं म्हणणं कळायला हे दोन्ही शेजारी ठेवून बघा.

हे आमच्या वारीपुरतंच नाही. 2025 च्या फेब्रुवारीत प्रयागराजच्या महाकुंभात अंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर पसरले, विकायलाही ठेवले गेले. उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे दाखल करावे लागले. त्याच मेळ्यात माळा विकणाऱ्या एका पोरीचे डोळे कुणाच्या तरी कॅमेऱ्याला आवडले, आणि तिच्याभोवती इतके फोन जमले की माळा विकायचं सोडून तिला घरी परतावं लागलं. आता नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तोंडावर आलाय, 2027 ला अमृतस्नानं आहेत. रामकुंडाच्या आणि कुशावर्ताच्या पायऱ्यांवर आमच्यासारख्याच बायका ओल्या लुगड्यांनी उभ्या राहणार आहेत. घाट बांधायची, रस्ते रुंद करायची चर्चा रोज वाचते. या बाबीचा शब्द अजून माझ्या वाचनात आलेला नाही.

म्हणून मागण्या. फार नाहीत.

तुमच्याकडे, कॅमेरेवाल्यांकडे दोन. दिवस मावळल्यापासून दिंडी रस्त्याला लागेपर्यंत मुक्कामाच्या तळावर कॅमेरा बाहेर काढू नका. टँकर, नदीचा घाट, शौचालय, पाजणारी आई, झोपलेलं माणूस, यांच्याकडे दिवसाही नाही. आणि एका माणसाचा चेहरा घेणार असाल तर आधी खाकरा. म्हणजे विचारा. म्हातारी नाही म्हणाली तर तिचं नाही म्हणजे नाही, आणि आज हो म्हणून उद्या काढा म्हणाली तर काढा. तेव्हा संस्कृती शिकवू नका.

दिंडीप्रमुखांकडे. आपल्याच दिंडीतली पोरं रात्री थेट प्रक्षेपण करतात, त्यांना आवरा. संध्याकाळच्या समाजआरतीनंतर चोपदार हरवलं-सापडलं सांगतात, त्यात ‘रात्री तळावर कॅमेरा नको’ हे एक वाक्य रोज घाला. दिंडीच्या ट्रकवर प्रमुखाचा नंबर असतोच, त्याच्या खाली एका बाईचाही नंबर लिहा, आमच्यातल्या कुणाला काही खटकलं तर सांगायला. आमच्या दिंडीत ते काम मी करीन.

नियोजन करणाऱ्यांकडे. बायकांसाठी पत्र्याची न्हाणीघरं उभी करता, त्यांना छत घाला. हिरवं शेडनेटही चालेल. एवढी साधी गोष्ट आहे, खर्चाचीही नाही. नीरेच्या काठी आणि चंद्रभागेच्या वाळवंटात कपडे बदलायला बंद जागा वाढवा, आणि त्यांच्याकडे तोंड करून उंचावर कॅमेरे, मनोरे, माध्यमांचे मंच नकोत. खासगी ड्रोनला मुक्कामाच्या तळावर आणि नदीवर मनाई हवी, कागदावर असेल तर जमिनीवर दिसावी. गर्दी मोजायला पोलिसांचे ड्रोन लागतात हे मला मान्य आहे, चेंगराचेंगरी कुणाला हवी? ते पहाटे तळावर थांबू नयेत, आणि त्यांतलं चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हे आम्हाला आमच्या भाषेत सांगा. पहाटे दोन ते सहा टँकरजवळ महिला पोलीस किंवा स्वयंसेविका द्या. दिवसा त्या पुष्कळ दिसतात.

आणि ज्याच्याजवळ तो 11 सेकंदांचा व्हिडिओ आहे, त्यानं तो काढावा. तुमचं नाव मी इथं घेतलेलं नाही, पुढंही घेणार नाही. तुम्हाला कळलंय मी कुणाशी बोलतेय. माफी नको. काढलात की मला दोन शब्दांचा निरोप पाठवा, मी घरात तेवढंच सांगीन.

यंदा मी दोघींची भिशी भरून ठेवलीय. आत्याबाईंनी पावती बघितली, घडी घालून डब्यात ठेवली. अजून हो म्हणालेल्या नाहीत.

आपली,
परभणीकडची एक वारकरी